पत्रकार व्हिसा: ताकाला जाताना भांडं लपवू नका

माझा पहिला अर्ज एका शब्दापायी फेटाळला गेला. ‘प्रवासाचा हेतू’ या रकान्यात मी ‘अभ्यास दौरा’ असं लिहिलं होतं. ‘पत्रकार’ शब्द दिसला की फाइल बाजूला पडते, जरा गोलमोल लिही, असं एका अनुभवी माणसाने मला सांगितलं होतं. खिडकीपलीकडच्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिले, कीबोर्डवर काहीतरी टाइप केलं आणि मॉनिटर माझ्याकडे वळवला. माझीच बायलाइन, म्हणजे माझ्या नावाने छापलेली बातमी, शेजारी माझाच फोटो, डोळ्यांवर तोच चष्मा. ‘ही तुम्हीच ना?’ हो म्हणाले. ‘मग अभ्यास कसला करणार?’ त्यावर मी जे काही पुटपुटले ते आठवलं तरी आजही कानशिलं तापतात. बारा दिवसांनी पासपोर्ट परत आला, आत एक छापील चिठ्ठी. ती स्टोरी दुसऱ्याच कुणीतरी केली.

त्यानंतर स्वतःचे आणि डेस्कवरच्या सहकाऱ्यांचे मिळून दोन-तीन डझन अर्ज तरी मी भरले असतील. आठवड्याची असाइनमेंट, पंधरा दिवसांची, क्वचित महिन्याभराची. कुठे घोडं अडतं हे आता बऱ्यापैकी कळतं. पहिल्यांदाच बाहेर जाऊन बातमीदारी करणाऱ्यासाठी ते लिहून ठेवते आहे.

आधी व्हिसा कुठला ते बघा

‘पत्रकार व्हिसा’ नावाची एकच वस्तू जगभर मिळते असा समज असतो. तसं नाही. काही देशांत त्यासाठी वेगळा वर्ग आहे, काही ठिकाणी नेहमीच्या अल्पकालीन व्हिसावर काम करता येतं, आणि काही ठिकाणी व्हिसाच्या आधी तिथल्या माहिती किंवा परराष्ट्र मंत्रालयाची मान्यता घ्यावी लागते. मान्यतेचं पत्र हातात नसेल तर दूतावास अर्जच घेत नाही.

अमेरिकेत परदेशी माध्यमांसाठी ‘आय’ वर्ग आहे. ज्या देशांच्या नागरिकांना तिथे फिरायला व्हिसा लागत नाही, त्यांनाही बातमीदारीसाठी जाताना हा व्हिसा काढावाच लागतो. पर्यटक म्हणून गेलेल्या पत्रकाराला सुट्टी घालवता येते, परिषदेत भाषण देता येतं, कॅमेरा विकत घेता येतो. पण त्याच परिषदेची बातमी पाठवली की मामला बदलतो. शिवाय ‘आय’ हा बातमी आणि माहितीपर कामासाठी आहे. नाट्यीकरण असलेला कार्यक्रम किंवा रिअ‍ॅलिटी शो त्यात बसत नाही, त्यांचे वर्ग वेगळे. माहितीपटवाल्यांची इथे हमखास गल्लत होते.

चीनमध्ये दोन वर्ग आहेत. 180 दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या वार्ताहराला जे-1, थोड्या काळासाठी येणाऱ्याला जे-2. जे-2 साठी तुमच्या संस्थेचं पत्र लागतंच, शिवाय तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या माहिती विभागाचं किंवा अधिकार असलेल्या दुसऱ्या संस्थेचं निमंत्रणपत्रही लागतं. व्हिसा मिळाला म्हणजे देश खुला झाला असंही नाही. तिबेटमध्ये बातमीदारीसाठी तिथल्या स्थानिक प्रशासनाची परवानगी स्वतंत्रपणे काढावी लागते.

ब्रिटनमध्ये गोष्ट जरा सोपी आहे. परदेशी वर्तमानपत्राच्या, वृत्तसंस्थेच्या किंवा वाहिनीच्या नोकरीत असलेल्या माणसाला स्टँडर्ड व्हिजिटर म्हणून येऊन आपल्या माध्यमासाठी माहिती गोळा करता येते. शेंगेन देशांचा, म्हणजे एकच सामाईक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांचा, अल्पकालीन व्हिसा म्हणजे ‘सी’ व्हिसा: कुठल्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. एकाच दौऱ्यात तीन देश करणार असाल तर ज्या देशात मुख्य काम किंवा जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत. मग हॉटेलची बुकिंगं आणि अर्ज यांचा मेळ बसत नाही.

नियम बदलतात, म्हणून दूतावासाची किंवा परराष्ट्र खात्याची अधिकृत यादी अर्ज भरायला बसाल त्या दिवशी पुन्हा उघडा. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राची यादी गेल्या वर्षीची असते.

टुरिस्ट व्हिसावर जाऊन येऊ का?

हा प्रश्न मला चहाच्या टेबलावर, आवाज खाली करून विचारला जातो. माझं उत्तर नाही असंच असतं, आणि त्याचं कारण नैतिकतेपेक्षा हिशेबाचं आहे.

मे 2004 मध्ये एलेना लॅपिन ही ब्रिटिश पत्रकार ‘गार्डियन’च्या कामासाठी लॉस एंजेलिसला उतरली. ब्रिटिश पासपोर्टवर व्हिसा लागत नाही, म्हणून ‘आय’ काढला नव्हता. विमानतळावर कामाचं खरं खरं सांगितलं. बेड्या घालून तिला कोठडीत नेलं आणि परत पाठवलं. एप्रिल 2008 मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॅरी बेअरक यांना झिम्बाब्वेची निवडणूक कव्हर करताना हरारेत अटक झाली, मान्यतेशिवाय पत्रकारिता केली हा आरोप. प्रकरण पुढे न्यायालयात टिकलं नाही, पण त्याआधी काही रात्री कोठडीत गेल्याच.

ही दोघं मोठ्या दैनिकांसाठी काम करत होती. त्यांच्यामागे ती दैनिकं होती, जगभर बातमी झाली. तुमच्यासोबत फिरणारा फिक्सर (भेटीगाठी जुळवून देणारा स्थानिक माणूस), ड्रायव्हर, दुभाषी यांच्यामागे कोण असतं? तुम्हाला फार तर पुढच्या विमानात बसवतील. त्याला तिथेच राहायचं असतं, त्याच गावात, त्याच पोलीस ठाण्याच्या हद्दीत. टुरिस्ट व्हिसावर गेलेल्या पत्रकाराला मदत केली एवढंच निमित्त त्याला महागात पडू शकतं. काही देश असे आहेत की सरळ मार्गाने पत्रकाराला आत घेतच नाहीत, आणि तिथली गोष्ट बाहेर येणं गरजेचं असतं, हे मलाही मान्य आहे. तो निर्णय संपादक, वकील आणि तिथला सहकारी यांनी एकत्र बसून घ्यायचा असतो. तिकीट स्वस्त मिळालं म्हणून एकट्याने घ्यायचा नसतो.

संपादकाचं पत्र: सगळी फाइल याच्या भोवती फिरते

फाइलमध्ये पंधरा कागद असले तरी अधिकारी एकच नीट वाचतो, तो म्हणजे संस्थेचं पत्र. आणि नेमकं तेच बहुतेक ठिकाणी घाईघाईत, जुन्या पत्रातलं नाव बदलून तयार केलं जातं. एका सहकाऱ्याच्या पत्रात दुसऱ्या परिच्छेदात आधीच्या वार्ताहराचं नाव तसंच राहिलं होतं. सही संपादकांची, शिक्का संस्थेचा, आणि येणारा माणूस कोण ते पत्रालाच ठाऊक नाही!

पत्र एका पानाचं असावं, लेटरहेडवर, पत्ता आणि चालू असलेला फोन नंबर त्यावर असावा. चालू असलेला हे मुद्दाम सांगते, कारण दूतावासातून खरोखर फोन येतो. माझ्या एका अर्जाच्या वेळी रिसेप्शनवरच्या नव्या मुलीने ‘या नावाचं इथे कुणी काम करत नाही’ असं सांगून टाकलं होतं. मी नेहमी बाहेर असायचे, तिने मला पाहिलंच नव्हतं. तेव्हापासून पत्रावर सही करणाऱ्याचा थेट नंबर घालते आणि रिसेप्शनवर आधी सांगून ठेवते.

पत्राचा मजकूर साधारण असा ठेवते. ज्या भाषेत द्यायचा त्या भाषेत करून घ्यायचा:

‘श्रीमती अमुक या आमच्या दैनिकात 2016 पासून विशेष प्रतिनिधी आहेत. आपल्या देशातील बंदरांच्या विस्ताराबद्दल तीन लेखांची मालिका लिहिण्यासाठी त्या 4 ते 18 मार्च या काळात येत आहेत. बंदर प्रशासनाचे अधिकारी, मच्छीमार संघटनांचे पदाधिकारी आणि सागरी अभ्यासक यांना त्या भेटतील. प्रवास, निवास आणि वैद्यकीय विम्याचा खर्च आमची संस्था करील. त्यांचं वेतन येथूनच दिलं जाईल; आपल्या देशात त्या कुणाकडूनही मोबदला घेणार नाहीत. सोबतच्या यादीतील छायाचित्रणाचं साहित्य त्या परत घेऊन येतील.’

यात शोभेचं वाक्य एकही नाही. ‘आपल्या महान देशाच्या समृद्ध संस्कृतीचं दर्शन’ वगैरे लिहिलं की वाचणाऱ्याला उगाच शंका येते, इथे काहीतरी पाणी मुरतंय. त्याला चार गोष्टी हव्या असतात: कुणासाठी, कशासाठी, किती दिवस, पैसे कोण देणार. पगार कुठून येणार हे वाक्य विसरू नका, कारण तिथल्या कुणाची नोकरी तुम्ही घेणार नाही हे त्याला कागदावर लागतं.

तारखांचं तर विचारूच नका. पत्रात 4 मार्च, तिकिटात 3 तारखेच्या रात्रीचं उतरणं, विमा 5 पासून, हॉटेल 4 पासून. प्रत्येक कागद आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र ठेवले की तीन तारखांचा घोळ. मी आता एका कोऱ्या कागदावर उभी रेघ मारते आणि प्रत्येक दिवसासमोर गाव, मुक्काम, काम लिहिते. मग पत्र, तिकीट, विमा, फॉर्म या प्रत्येकातली तारीख त्या कागदाला लावून बघते. अर्धा तास जातो. दोन्ही टोकांना दोन-तीन दिवस जास्तीचे मागते, ते पत्रातही तसेच लिहून. बातमी वेळापत्रक पाळत नाही आणि मुदतवाढीसाठी परक्या शहरातल्या कचेरीत घालवलेला दिवस भरून निघत नाही.

फ्रीलान्सर असाल तर

काम अवघड आहे, अशक्य नाही. अडचण अशी की तुमच्यामागे लेटरहेड नसतं, आणि ‘स्वतंत्र पत्रकार’ म्हणजे ‘बेकार माणूस’ असा अर्थ काढणारे अधिकारी असतात. अमेरिकेच्या ‘आय’ व्हिसासाठी फ्रीलान्सरला माध्यमसंस्थेशी केलेला करारच दाखवावा लागतो. इतर ठिकाणीही ‘स्टोरी झाली की बघू’ असं म्हणणाऱ्या संपादकाच्या ईमेलला किंमत नसते. निदान असाइनमेंट दिल्याचं पत्र मिळवा. त्यात विषय, मुदत आणि मानधन द्यायचं ठरलं आहे एवढा उल्लेख हवा. रक्कम लिहिलीच पाहिजे असं नाही. खर्च तुमचा तुम्हीच करणार असाल तर पत्रात तसं स्पष्ट म्हणा आणि बँकेचे कागद त्याला जोडा. संपादक खर्चाचं वाक्य गुळमुळीत लिहून देतात, ते तसं घेऊ नका.

पत्रकार संघटनेचं ओळखपत्र असेल तर उपयोग होतो. आंतरराष्ट्रीय पत्रकार महासंघाचं, म्हणजे आयएफजेचं, आंतरराष्ट्रीय प्रेस कार्ड त्यांच्याशी संलग्न संघटनांमार्फत मिळतं आणि दोन वर्षं चालतं. पैसे घेऊन चोवीस तासांत ‘जागतिक प्रेस कार्ड’ देणाऱ्या दुकानांपासून लांब राहा. ती कार्डं फार चकचकीत असतात, अधिकाऱ्यांना ओळखू येतात.

कात्रणं तीन ते पाच द्या. अलीकडची, तुमचं नाव ठळक दिसणारी. वेगळ्या लिपीतली असतील तर वर चार ओळींचा सारांश, तारीख आणि प्रकाशनाचं नाव जोडा. कुठे प्रमाणित भाषांतर मागतात, तिथे तेच करून घ्या. आपली झणझणीत, त्या सरकारवर टीका करणारी कात्रणं द्यावीत का? मी सहसा देत नाही, पण ती नाहीतच असंही भासवत नाही. ती शोधायला अधिकाऱ्याला अर्धं मिनिट लागतं, हे मला मॉनिटरसमोर कळलंच आहे.

फॉर्म

फॉर्म भरणं हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच. व्यवसाय पत्रकारच. पासपोर्टची मुदत आणि कोरी पानं आधी मोजा. शेंगेनसाठी परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने मुदत, दोन कोरी पानं आणि पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, असं तिन्ही लागतं. तिथेच निदान 30,000 युरोचा वैद्यकीय विमाही लागतो. विमा घेताना युद्ध, दंगल, निदर्शनं वगळली आहेत का ते बारीक अक्षरात वाचा. सहलीच्या विम्यात ती बहुधा वगळलेलीच असतात, आणि आपण तर मोर्चा बघायलाच निघालेलो असतो.

फोटोचं माप देशागणिक वेगळं. अमेरिकेला दोन इंच बाय दोन इंच, शेंगेनला 35 बाय 45 मिलिमीटर. एकाच फोटोत दोन्ही भागवायला जाऊ नका.

दोन प्रश्नांवर मात्र थांबा. पहिला, ‘याआधी कुठल्या देशाने व्हिसा नाकारला आहे का?’ नाकारला असेल तर हो लिहा, साल आणि एका ओळीत कारण द्या. मी त्या ‘अभ्यास दौऱ्या’ची गोष्ट तेव्हापासून दर वेळी लिहिते आणि तेवढ्यावरून अजून कुणी अडवलेलं नाही. दुसरा, समाजमाध्यमांवरची खाती. अमेरिकेच्या डीएस-160 फॉर्ममध्ये 2019 पासून गेल्या पाच वर्षांत वापरलेल्या खात्यांची नावं विचारतात. जुनं, विसरलेलं खातंही त्यात येतं. अर्जाच्या आदल्या रात्री पोस्ट पुसत बसू नका. मला विचाराल तर त्याने प्रश्न कमी होत नाहीत, वाढतात.

विषय किती सांगायचा, नावं किती द्यायची

इथे खरा कस लागतो. अर्जात खोटं लिहायचं नाही, पण आपली अख्खी नोंदवहीही तिथे उलटी करायची नाही.

विषय खरा आणि रुंद ठेवा. ‘बंदरांचा विस्तार आणि किनाऱ्यावरच्या लोकांचा रोजगार’ हे खरं आहे. त्यात कुणाची जमीन कशी गेली हेही येतं, पण प्रत्येक प्रश्न आधी कागदावर मांडायचं बंधन तुमच्यावर नसतं. मात्र विषय बंदरांचा सांगून सीमेवरच्या लष्करी तळाकडे निघालात तर ती फसवणूक झाली, आणि पुढच्या पत्रकाराचा व्हिसा तुमच्या नावावर अडेल.

कुणाला भेटणार याची यादी काही फॉर्ममध्ये सक्तीची असते. तिथे मी संस्था, पदं आणि ज्यांनी उघडपणे बोलायचं कबूल केलं आहे अशीच नावं देते, तीही त्यांना विचारून. ‘तुमचं नाव व्हिसाच्या अर्जात देऊ का?’ हा प्रश्न विचित्र वाटतो, पण विचारल्यावर एकदा एक प्राध्यापक बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, विभागाचं नाव द्या, माझं नको. त्यांना तिथली हवा माझ्यापेक्षा जास्त कळत होती. ज्याचं नाव बातमीत येणार नाही, ते नाव अर्जात, ईमेलमध्ये आणि फोनच्या कॅलेंडरमध्येही नको.

फिक्सरबद्दल तिथले नियम आधी बघा. चीनमध्ये परदेशी पत्रकाराला स्थानिक साहाय्यक ठेवता येतो, पण त्यासाठी ठरलेल्या सेवा-संस्थेमार्फत, आणि त्या साहाय्यकाने स्वतः बातमीदारी करायची नाही असा नियम आहे. अशा ठिकाणी त्याचं नाव बायलाइनमध्ये घालून आपण त्याचा सन्मान करतो आहोत असं आपल्याला वाटतं, आणि त्याला मात्र त्याचा त्रास होतो.

कॅमेऱ्याची यादी

लिहिणाऱ्याने हा भाग सोडला तरी चालेल. कॅमेरावाल्यांनी मात्र दोनदा वाचावा.

बऱ्याच देशांना साहित्याची यादी अर्जासोबत हवी असते: वस्तू, कंपनी, मॉडेल, सिरियल नंबर, किंमत. सिरियल नंबर बिलावरून उतरवू नका, वस्तूवरून उतरवा. एकदा निघण्याआधी माझ्या लेन्सचा फोकस अडकायला लागला, म्हणून सहकाऱ्याची तशीच लेन्स उचलली. मॉडेल तेच, रंग तोच, यादी जुनीच. परतीच्या वेळी कस्टमच्या माणसाने ती उलटी केली, फोनचा टॉर्च लावून माउंटजवळच्या कडेवरचे बारीक आकडे एकेक करून वाचले आणि पेन यादीवर थांबवलं. शेवटचे चार आकडे वेगळे. माझी लेन्स मी तिथे विकली आणि दुसरीच घेऊन निघाले, असा त्याचा सरळ हिशेब होता, आणि त्याच्या जागी मी असते तर मीही तोच केला असता. सहकाऱ्याकडून बिलाचा फोटो येईपर्यंत विमानाचं बोर्डिंग सुरू झालं होतं. आता निघायच्या आदल्या दिवशी सगळं सामान चादरीवर मांडते, एकेका वस्तूच्या नंबराचा फोटो काढते, मगच यादी छापते.

साहित्य महाग असेल तर एटीए कार्ने काढा. नाव फ्रेंच ‘आद्मिसियाँ ताँपोरेर’ आणि इंग्रजी ‘टेम्पररी अ‍ॅडमिशन’ या दोहोंच्या आद्याक्षरांची खिचडी आहे. वस्तू तात्पुरती नेतो आहोत, विकणार नाही, परत आणणार, असा हा साहित्याचा पासपोर्टच. तो वाणिज्य मंडळांकडून अनामत घेऊन दिला जातो, जास्तीत जास्त एक वर्ष चालतो, आणि सगळेच देश तो मानत नाहीत. निघताना, तिथे उतरताना, तिथून निघताना आणि परत येताना, चारही वेळा शिक्का हवा. पहाटेच्या विमानाला कस्टमच्या खिडकीत कुणी नसतं, म्हणून लोक शिक्का सोडून पुढे जातात आणि काही महिन्यांनी शुल्काची नोटीस येते. कुणी येईपर्यंत थांबायचं. त्यासाठी तासभर आधी पोहोचायचं.

ड्रोन नेण्याआधी शंभरदा विचार करा. मोरोक्कोसारख्या देशात तो विमानतळावरच काढून घेतात. सॅटेलाइट फोनचंही तसंच. काही देशांत परवानगीशिवाय तो जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. जास्तीच्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. 100 वॉट-अवरपर्यंतच्या सहसा चालतात, त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी. व्हिडिओ कॅमेऱ्याच्या मोठ्या बॅटरीवर आकडा लिहिलेला असतो, तो आधीच वाचून ठेवा.

मुलाखत

दूतावासातली मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. आपण प्रश्न विचारायच्या सवयीचे, उत्तरं द्यायची वेळ आली की फार बोलतो. विचारलं तेवढंच सांगा. ‘काय कव्हर करणार?’ याचं उत्तर दोन वाक्यांत बसलं पाहिजे, आणि ते पत्रातल्या शब्दांशी जुळलं पाहिजे. आमच्याकडे टीव्हीचा एक मुलगा तिथे चक्क पीटीसी केल्यासारखा, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघून बातमी सांगावी तसा, सुरू झाला होता. अधिकाऱ्याने हात वर करून त्याला थांबवलं.

राजकारणावर मत विचारलं तर? मी म्हणते, मी बातमी लिहिते, दोन्ही बाजूंना भेटते. ते खरंही असतं.

फाइल अशी लावा की मागितलेला कागद तीन सेकंदांत निघेल. वर पत्र, मग कार्यक्रम, तिकीट, विमा, कात्रणं, साहित्याची यादी, बँकेचे कागद. मूळ एकीकडे, प्रती एकीकडे.

वाट पाहणं

शेंगेनचा निर्णय साधारण 15 दिवसांत अपेक्षित असतो, पण तो 45 दिवसांपर्यंत लांबू शकतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी. अमेरिकेच्या खिडकीवर कधी कधी 221(जी) ची चिठ्ठी हातात पडते. म्हणजे आणखी कागद किंवा आणखी छाननी. काय मागितलं आहे ते वाचून तेवढंच पाठवा, रोज ईमेल करू नका. पत्रकारांच्या फाइली पर्यटकांपेक्षा सावकाश हलतात असं धरूनच चाला. मी आठ आठवडे हाताशी ठेवते. मंत्रालयाची मान्यता लागणारा देश असेल तर तीन महिने.

बातमी अचानक फुटली, भूकंप झाला, सरकार पडलं, तर आठ आठवडे कुठून आणणार? अशा वेळी दूतावासाच्या प्रसिद्धी अधिकाऱ्याला थेट फोन करा. व्हिसा विभागापेक्षा त्याला डेडलाइन लवकर कळते. हा नंबर गरज पडण्याआधी मिळवून ठेवायचा असतो.

नकार आला तर कारण मागा, चिठ्ठी जपून ठेवा, आणि तोच अर्ज तसाच पुन्हा टाकू नका. काहीतरी बदललेलं असलं पाहिजे: पत्र, करार, तारखा, काहीही.

व्हिसा हातात आल्यावर

खिडकीसमोरून हलण्याआधी वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्टचा नंबर, वर्ग, तारखा, एकदा प्रवेश की अनेकदा. व्हिसा कधीपर्यंत चालतो आणि आत किती दिवस राहता येतं हे दोन आकडे वेगळे असतात. पहिला पाहून दुसरा गृहीत धरणारे लोक परतीच्या वेळी दंड भरतात. शेजारच्या देशात दोन दिवस जाऊन परत यायचं असेल तर एकदाच प्रवेश देणारा व्हिसा कामाचा नाही, ते तिथेच सांगा.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत येण्याची परवानगी. आत घ्यायचं की नाही ते सीमेवरचा अधिकारी ठरवतो, आणि त्याने तुमची फाइल पाहिलेली नसते. म्हणून पत्राची आणि कार्यक्रमाची छापील प्रत हातातल्या बॅगेत ठेवा. फोनवर नको, फोनची बॅटरी संपते, शिवाय कागद दाखवायचा म्हणून अनलॉक केलेला फोन तुम्ही त्याच्या हातात देऊन बसता. मी प्रवासाला वेगळा फोन नेते, त्यात जुन्या स्टोरींची माणसं नसतात.

उतरल्यावर काही देशांत प्रेस कार्ड किंवा नोंदणी करावी लागते, त्याची मुदत दिवसांत मोजलेली असते. ते पहिल्याच दिवशी उरका. चित्रीकरणाची परवानगी व्हिसात नसते; रेल्वे स्थानक, पूल, बंदर, सरकारी इमारत यांच्यासाठी ती वेगळी मागावी लागते, आणि ती देणारा माणूस नेमका दुपारनंतर जागेवर नसतो. सकाळी जा, तीन प्रती घेऊन जा. एक त्याला, एक तुम्हाला, आणि एक गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायला तुमच्या ड्रायव्हरला.